१ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली लॉरा आरएस घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बजेट ६ लाख. हैदराबादेत २०१२ ची स्कोडा लॉरा आरएस विकायला आहे, मीटरवर १ लाख ४० हजार, मागणी साडेचार लाख. रोज चिंचोळी एमआयडीसीला जाणं-येणं, महिन्यातून एखादी पुण्याची फेरी. वडील म्हणतात एवढं रनिंग झालेली गाडी म्हणजे भंगार, तेवढ्या पैशात नवी छोटी गाडी घे. तुम्ही विचारताय, रनिंग जास्त आहे का आणि गाडी घ्यावी का.

सोलापुरात माझं गॅरेज आहे आणि जुन्या टर्बो पेट्रोल गाड्या नेहमी हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रनिंगचं बघू. २०१२ पासून १ लाख ४० हजार म्हणजे वर्षाला दहा-अकरा हजार. हे जास्त नाहीच. त्यातलं बरंच हैदराबाद-सोलापूर-पुणे अशा हायवेवर झालं असेल, तर शहरात साठ हजार चाललेल्या गाडीपेक्षा या गाडीचं क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स चांगल्या हालतीत असू शकतं. उलट दहा वर्षांत पंचवीस हजार चाललेली, कव्हर घालून उभी केलेली गाडी बघितली की मला जास्त काळजी वाटते. सील सुकलेले असतात, टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं, ब्रेकचे पिस्टन अडकलेले असतात, आणि विकणारा मात्र कमी रनिंगचे पैसे मागतो.

तेव्हा खरे प्रश्न वेगळे आहेत. या वयात जे पार्ट झिजतात त्यातले कोणते बदलले आणि त्याची बिलं आहेत का? गाडी घेतल्यावर तुमच्या हातात किती पैसे उरतील? आणि गाडी आठवडाभर गॅरेजला उभी राहिली तर त्या आठवड्यात तुम्ही चिंचोळीला कशाने जाणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरी आहे, माझ्याकडे नाही. घरात दुसरी गाडी किंवा धड चालणारी मोटारसायकल असेल तर पुढचं वाचा. नसेल तर थेट शेवटाकडच्या होंडा सिव्हिकच्या परिच्छेदावर जा. या गाड्यांचा एखादा सेन्सर जरी लागला तरी तो बहुतेक वेळा पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येतो, आणि चुकीचा आला की परत दोन दिवस जातात.

आता गाडीबद्दल. नावात आरएस, म्हणजे स्पोर्टी मॉडेलची खूण, असली तरी युरोपातल्या आरएसला असतं तसं २ लिटरचं इंजिन भारतातल्या लॉराला आलं नाही. इथे आली ती १.८ टीएसआय, म्हणजे १.८ लिटरची टर्बो पेट्रोल, १६० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल. खरं सांगायचं तर जुनी घेणाऱ्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे. डीएसजीची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची भानगड नाही, आणि साध्या लॉरा १.८ टीएसआयमध्येही हेच इंजिन असल्यामुळे पार्ट मिळतात. ओढ अजूनही अशी आहे की मोहोळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये माणूस आपोआप हसतो. तुम्हाला ही गाडी का हवी आहे ते मला पूर्ण कळतं.

या इंजिनात एक जागा अशी आहे की बाकी सगळं सोडून तिथे आधी बघायचं. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर. चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायला नको, असं पुष्कळ विक्रेते सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. त्या काळातल्या या इंजिनांचा टेन्शनर कमजोर म्हणून जगभर माहीत आहे, आणि नंतर तो सुधारून आला. टेन्शनरने पकड सोडली की चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावंच लागतं. मग तो खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, दोन-तीन तास थांबा किंवा परत या. थंड इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूने खडखड आली तर चेन ढिली आहे असं धरून चाला. जाणकार मिस्त्री बरोबर असेल तर टायमिंगच्या खालच्या कव्हरमधलं रबरी बूच काढून टेन्शनर किती बाहेर आलाय तेही डोळ्यांनी बघता येतं. चेन आणि टेन्शनर बदलल्याचं बिल असेल तर त्या कागदाला मी पॉलिशपेक्षा, नव्या सीट कव्हरपेक्षा कितीतरी जास्त किंमत देतो.

दुसरं, ऑइल. या पिढीतली काही इंजिनं ऑइल खातात, कारण पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक आहेत आणि चिकटतात. कंपनीच्या हिशेबात हजार किलोमीटरला अर्धा लिटर चालतं, पण जी गाडी खरंच तेवढं खाते ती मी कुणाला घ्यायला सांगणार नाही. मालकाला साधेपणाने विचारा, "मध्ये टॉप-अप किती लागतो?" जो रोज गाडी चालवतो तो लगेच सांगतो. जो म्हणतो "कधीच नाही", त्याची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा.

इथे एक गोष्ट जरा जवळून सांगतो, कारण ऐकून कळत नाही, बघूनच कळते. माझ्याकडे एक गाडी तपासायला आली होती, कुठली ते राहू द्या. मीटरवर अठ्ठेचाळीस हजार. रंग झकास, आत अत्तराचा वास. पण ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा पूर्ण गुळगुळीत झालेल्या, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, स्टेअरिंगवर डाव्या-उजव्या हाताच्या जागी चामडं चकचकीत. अठ्ठेचाळीस हजारांत असं होत नाही. मग चारही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. पहिला, दुसरा, चौथा कोरडे, फिकट तपकिरी. तिसरा ओला, काळा, टोकाला ऑइलची कड. प्रेशर गेज लावला तर तीन सिलिंडर बाराच्या आसपास आणि तिसरा आठ. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मारलं तर काटा अकराच्या जवळ गेला. ऑइल टाकल्यावर प्रेशर वाढतं म्हणजे गळती रिंगांतून आहे. वाढलं नसतं तर व्हॉल्व्हवर संशय घेतला असता. एवढं करायला तासभर लागला. घेणारा मुलगा ते वर्तमानपत्र तसंच गुंडाळून घरी घेऊन गेला, वडिलांना दाखवायला.

तुम्हीही हेच करून घ्या. चारही सिलिंडरचं प्रेशर नुसतं किती आहे यापेक्षा एकमेकांच्या किती जवळ आहे ते महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर आधी कारण शोधा, मग भाव बोला. विकणारा प्लग काढू देत नसेल तर तिथून निघा. हैदराबादेत तुमच्या ओळखीचा मिस्त्री नसेल तर इथून एकाला बरोबर न्या. त्याची दिवसाची मजुरी आणि जाण्या-येण्याचं पेट्रोल हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन बसतो. थंड असताना गाडी थरथरत असेल, पिकअप दबलेला वाटत असेल, तर बऱ्याचदा तेच कारण असतं. हे दुरुस्त होतं, घाबरण्यासारखं नाही, पण सफाईसाठी हवा आत नेणारं मॅनिफोल्ड उतरवावं लागतं म्हणून भावात धरा. टर्बो तपासायला गाडी गरम करून पाच मिनिटं तशीच चालू ठेवा आणि मग एक्सलेटर द्या. मागून निळा धूर आला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण एक्सलेटर दाबा. आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही, तर क्लच गेलाय. गाडी बंद करताना खालून खणखण आली तर फ्लायव्हीलही. हे दोन्ही एकत्र बदलावे लागतात आणि तो खर्च तुमच्या सहा लाखांत ठळक दिसेल इतका आहे.

आता सोलापूरचं म्हणून जे वेगळं आहे त्यावर येतो. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोरचं पाणी ओतायची सवय आहे. या दोन गोष्टी मिळून जुन्या टर्बो गाडीचा जेवढा नाश करतात तेवढा लाखभर किलोमीटर करत नाहीत. थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं की आत हंड्याच्या बुडाला साचतो तसा पांढरा थर निघतो. त्याने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, आणि एकदा हेड पॅकिंग गेलं की पुढचं सगळं महाग. म्हणून थंड इंजिनवर कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघा. कंपनीचा गुलाबी रंग असेल तर उत्तम. गढूळ, तांबूस किंवा नुसतं पाणी असेल तर मालकाने आणखी कुठे कुठे काटकसर केली असेल याचा विचार करा. या इंजिनाचं वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे. वयाने ते तडकतं आणि खाली वाळलेले गुलाबी डाग दिसतात. टेस्ट ड्राइव्हनंतर गाडी एसी लावून वीस मिनिटं उभी चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्यावरून हलायला नको, पंखा दोन्ही वेगांवर लागायला हवा.

इंधनाचंही सांगून टाकतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही तयार होतं. २०१२ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. गाडी त्यावर चालते, ॲव्हरेज थोडं पडतं, पण जुने रबरी पाइप आणि सील बघून घ्या आणि गाडी महिनोन्महिने जुन्या पेट्रोलवर उभी ठेवू नका.

हैदराबादची गाडी म्हणून एक खास तपासणी. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे मोठा पूर आला होता आणि पुष्कळ गाड्या पाण्यात होत्या. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून बघा, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, डिक्कीत स्टेपनी काढून खालच्या खळग्यात गाळाची रेघ आहे का बघा, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर डाग आहे का बघा. वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज दिसला तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. इलेक्ट्रॉनिक्समधला गंज कुणालाही पूर्ण काढता येत नाही. काचांवर वर्ष छापलेलं असतं, एखादीच काच वेगळ्या वर्षाची असेल तर त्या बाजूला काय झालं ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालक गाडीशी कसा वागला ते मला वेगळं विचारावं लागत नाही.

कागद. इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून शांतपणे वाचा. २०१२ ची हैदराबादची गाडी म्हणजे नंबर एपीचा हवा, कारण तेलंगण राज्य झालं जून २०१४ मध्ये. नंबर टीएसचा असेल तर गाडी मधल्या काळात पुन्हा रजिस्टर झाली आहे, तेव्हा आधीचा इतिहास मागा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवलेला हवा. मग तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि ट्रान्सफरचे फॉर्म २९ व ३०. विकणाऱ्याचं नाव आणि आरसीवरचं नाव एकच असायला हवं. सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर हात बदलत फिरणारी गाडी घेऊ नका, कारण अपघात झाला तर जबाबदारी कागदावर ज्याचं नाव त्याची, आणि तो माणूस नंतर सापडत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर थकलेले ई-चलन बघून घ्या.

दुसऱ्या राज्याची गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि रोड टॅक्स इथे नव्याने भरावा लागतो. तो गाडीची मूळ किंमत आणि वय यावर ठरतो. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ती रक्कम हातात येईल असं धरून व्यवहार करू नका. एमएच-१३ करायला एकूण किती लागतील ते आधी आरटीओत विचारून लिहून घ्या, मगच विसार द्या. आणि एक तारीख लक्षात ठेवा. गाडीला २०२७ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतात. त्यानंतर फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. गाडीचा आवाज वाढवण्यासाठी सायलेन्सर बदललेला असेल तर मूळ सायलेन्सर मिळतोय का ते आत्ताच विचारा, फिटनेसला तो लागेल.

आता पैसे. माझा नियम सोपा आहे आणि मी तो सगळ्यांना सांगतो. अशा गाडीसाठी बजेटचा तिसरा हिस्सा बाजूला ठेवायचा, गाडी कितीही सुंदर असली तरी. तुमचे ६ लाख, त्यातले २ लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी. उरले ४ लाख. त्यात गाडी, एनओसी, टॅक्स, ट्रान्सफर, विमा सगळं बसायला हवं. म्हणजे साडेचार लाखांना ही गाडी तुमच्या बजेटात बसतच नाही. चेन, क्लच आणि कूलिंगच्या कामाची बिलं असतील तर टॅक्सचा आकडा वजा करून साडेतीनच्या आसपास बोलणी करा. बिलं नसतील तर त्याहून बरंच खाली, नाहीतर नको. मालकाला हे स्पष्ट सांगायला लाजू नका. चेनच्या कामाचं अंदाजपत्रक एखाद्या चांगल्या गॅरेजकडून लेखी घेऊन समोर ठेवा, घासाघीस आपोआप सभ्य होते.

वडिलांचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. नव्या गाडीला वॉरंटी आहे, आणि रोजच्या नोकरीला जाणाऱ्या माणसाला सकाळी साडेसातला चालू होणारी गाडी हीच पहिली गरज आहे. त्यांना "रनिंग कमी आहे" हे पटवण्यापेक्षा बाजूला ठेवलेले दोन लाख दाखवा. तेवढ्याने बरेच वडील ऐकायला तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

आणि घरात दुसरी गाडी नसेल, तर आठव्या पिढीची होंडा सिव्हिक बघा. १.८ आय-व्हीटेक, १३२ पीएस, २००६ ला भारतात आली आणि २०१३ पर्यंत विकली गेली. टर्बो नाही, थेट इंजेक्शन नाही, वर आरपीएम गेला की आवाजच वेगळा होतो, आणि योग्य ऑइल वेळेवर घातलं तर दोन लाखांच्या पुढे इंजिन न उघडता गेलेल्या मी बघितल्या आहेत. बसकी आहे, जुळे सोलापूरच्या गतिरोधकांवर तिरकी काढावी लागेल, आणि पुढचे शॉकअप व लोअर आर्मचे बुश आवर्जून बघायला हवेत. फियाटची लिनिया टी-जेटही चालवायला मजेदार आहे, स्टेअरिंग तर लॉराहून छान, पण फियाटने इथे गाड्या विकणं थांबवलं, त्यामुळे बॉडी पार्टसाठी वणवण होते. रोजच्या वापरासाठी मी तुम्हाला सिव्हिकच सुचवीन, आणि पासिंग एमएच-१३ किंवा एमएच-१२ ची बघा, टॅक्सचा मोठा भाग वाचेल.

लॉरा घेतलीच, तर घरी आणल्याच्या आठवड्यातच इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आधीच्या मालकाने कालच बदललं म्हणून सांगितलं तरी. ऑइल फोक्सवॅगनच्या व्हीडब्ल्यू ५०२ मानकाचंच घ्या. पहिले हजार किलोमीटर प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघा आणि आकडे वहीत लिहा. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या, टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो. हैदराबादला जायचं ठरलं की थंड स्टार्टचा व्हिडिओ, कूलंट टाकीचा आणि चार प्लगचा फोटो, आणि सर्व्हिसची जेवढी बिलं मिळतील तेवढी इथे टाका. विसार द्यायच्या आधी बघून सांगतो.